घरात अडकलेल्या माणसाला स्क्रीनवरून फिरवून आणलं तर खरंच बरं वाटतं का?

रेवा_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या.

माझ्या सासूबाई, वय ७६, फेब्रुवारीत बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून बेडरूममधून हॉलपर्यंत येतात. डॉक्टर म्हणतात हाड मस्त जुळलंय, आता चालायला पाहिजे. पण त्या चालत नाहीत. दुखतं म्हणून नाही, मनच नाही त्यांचं कशात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, म्हणजे पाच महिने झाले त्यांनी रस्ता पाहिलेला नाही. त्यांच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरी आणि वाळत घातलेले कपडे एवढंच दिसतं. दिवसातून तीनदा तरी विचारतात, रेवा आज वार कोणता गं. स्मरणशक्ती अगदी ठणठणीत आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातली पंगत कोणी वाढली ते सांगतील, पण वार विसरतात कारण सगळे दिवस सारखेच चाललेत.

त्यांचं माहेर राजापूरकडचं. दर मे महिन्यात जायच्या, यंदा पहिल्यांदा चुकलं. आणि आता पाऊस लागल्यापासून तर रोज विषय, धूतपापेश्वराचा धबधबा आता भरून वाहत असेल, अर्जुनेचं पाणी बाजारात शिरलं का बघा पेपरात.

तर मागच्या महिन्यात आमच्या पुतण्याने त्याचा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा, आत चौफेर दृश्य दाखवणारा डबा, आणला, म्हणाला आजीला कोकण दाखवतो. हौसेने डोक्यावर चढवला आणि कड्यावरून खाली झेप घेणारा ड्रोनचा कसला तरी व्हिडिओ लावला. दोन मिनिटांत आईंना दरदरून घाम, मग मळमळ, मग उलटी. त्या इतक्या घाबरल्या की आता तो डबा घरात आणायचा नाही अशी ताकीद आहे. मिस्टर म्हणतात टीव्हीसमोर बसवण्यात आणि यात फरक काय, उगाच अजून एक स्क्रीन कशाला. पण माझ्या मनातून जात नाही. त्या दोन मिनिटांतली पहिली दहा सेकंद, झाडं दिसली तेव्हा, त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

कोणी घरात असं केलंय का? रोजच्या रोज, म्हणजे औषधासारखं? बरं वाटतं का त्याने, की नुसतीच हुरहूर वाढते? आणि करायचं तर कसं?

---

कातळवाट

रेवाताई, आधी त्या उलटीबद्दल, कारण त्यात आईंचं काही चुकलं नाही आणि त्यांची तब्येत नाजूक आहे असंही नाही, तरण्याताठ्या पोरांनाही होतं. डोळे सांगतात आपण धाडकन खाली चाललोय आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण खुर्चीतच आहोत, दोघांची तक्रार मेंदूकडे जाते आणि मळमळायला लागतं. एसटीत घाटात पुस्तक वाचलं की होतं तेच, फक्त उलटं. म्हणजे हलणारा कॅमेरा, ड्रोन, बोट, पाळणे हे सगळं बाद. हेडसेट वापरायचाच असेल कधी, तर कॅमेरा एका जागी ठेवून काढलेली ३६० अंशाची दृश्यं, नदीकाठ, देवळाचं आवार वगैरे, तेही तीन-चार मिनिटं, पंखा चालू आणि हात असलेल्या पक्क्या खुर्चीत बसून. फिरती खुर्ची नको. उभं तर अजिबात करू नका, आसपासचं काहीच दिसत नाही आणि त्यांच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. शिवाय ते यंत्र साधारण अर्धा किलोचं असतं, मानेवर येतं. आणि फिट किंवा चक्करचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पण माझं मत विचाराल तर हेडसेटची गरजच नाही. त्यात माणूस एकटा पडतो, त्याला काय दिसतंय ते तुम्हाला कळत नाही, तुम्ही शेजारी बसून नुसतं वाट बघता. टीव्हीवर लावा, दोघींनी मिळून बघा.

मी माझ्या वडिलांसोबत गूगल मॅपवर करायचो. नकाशाच्या कोपऱ्यातला तो छोटा पिवळा माणूस उचलून नकाशावर धरला की जिथे जिथे रस्त्याचे फोटो आहेत तिथे निळ्या रेघा उमटतात आणि जिथे लोकांनी स्वतः काढून टाकलेले ३६० फोटो आहेत तिथे निळे ठिपके. आपल्याकडे हे रस्त्याचे फोटो २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झाले, त्यात नाशिक होतं, पुणे, मुंबई, नगर पण होतं, नंतर वाढत गेलं. तुमच्यासाठी सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे नाशिकच. आई पूर्वी ज्या भाजीवाल्याकडे जायच्या तो रस्ता. बाबांना मी परदेश वगैरे दाखवायला गेलो तर पाच मिनिटांत डुलक्या, पण त्यांच्या जुन्या ऑफिसचा रस्ता लावला तर माझ्या हातातून माउस घेतला. ‘इकडे नाही, डावीकडे घे, गिरणीच्या बोळातून.’ आयुष्यभर ज्यांनी रस्ता दाखवला त्यांना परत रस्ता दाखवायला मिळाला, यातच सगळं आलं असं मला वाटतं. टीव्हीत आणि यात फरक काय हे मिस्टर विचारतायत ना, तर हाच फरक. टीव्ही आपल्याला नेतो, इथे आईंनी तुम्हाला न्यायचं.

---

फलटणची_आत्या

मी करते गं हे. माझं वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले. अकरा वर्षं पायी वारी केली. २०२० साली कोरोनात पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा सगळेच घरी बसलो होतो, तेव्हा मी पहिल्यांदा फोनवर बघून वारी केली आणि नंतर गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तसं तेच चालू राहिलं. यंदाची पण तशीच झाली.

नुसतं बघत नाही मी. ज्या दिवशी माउली जिथे असतील तिथलं लाइव्ह लावायचं, आणि घरातल्या पॅसेजमध्ये फेऱ्या घालायच्या. पुण्याहून सासवड टप्पा लांबचा, दिवेघाट चढायचा, त्या दिवशी जास्त फेऱ्या. नीरा स्नानाच्या दिवशी सकाळी पाय धुऊन बसते. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, तेव्हा घोडा धावतो ना, तेव्हा बसवत नाही, भिंतीला धरून उभी राहतेच. सून म्हणते आई वर्षभर व्यायाम करा म्हटलं तर करत नाही आणि आषाढात कुठून येतं बळ. अगं बळ येत नाही, पुढचा मुक्काम गाठायचा असतो.

तर तुझ्या सासूबाईंना चाला चाला म्हणू नकोस. कुठे जायचंय ते ठरव. त्यांना पोचायचं असेल तर चालतील. डॉक्टरांना विचारून किती फेऱ्या ते ठरव म्हणजे झालं.

आणि पंढरपूरच्या मंदिर समितीचं लाइव्ह दर्शन असतं मोबाइलवर, काही नाही तर सकाळी तेवढं तरी लाव. दिवसाला सुरुवात होते.

---

मुचकुंदी

मी जरा उलट बाजू सांगतो, रागावू नका.

माझ्या वडिलांचं घर लांज्याकडे, हायवेला लागून. ते मुंबईत माझ्याकडे, पार्किन्सन्समुळे प्रवास बंद. मी पण असंच प्रेमापोटी एका रविवारी मॅप उघडला आणि सरसर गावात गेलो. रस्ता रुंद झालाय हे माहीत होतं, कागद माझ्याच हातून गेले होते, पण ते डोळ्यांनी बघणं वेगळं. पडवी नाही, फणस नाही, नुसती लाल माती खणलेली आणि काँक्रीट. बाबा काही बोलले नाहीत. बोटाने स्क्रीनवर त्या जागी दोनदा हात फिरवला आणि म्हणाले बंद कर. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती, आधी एकट्याने जाऊन या. तुम्ही स्वतः रात्री बसून सगळं बघा, घर उभं आहे का, झाड आहे का, फोटो कोणत्या महिन्याचा आहे तेही तिथे लिहिलेलं असतं ते बघा, आणि मगच आईंना न्या. ज्या घराशी भांडण, वाटणी, मरण असलं काही जोडलेलं असेल तिथे तर त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय नकोच.

आणि दुसरं, याच्या नादात खरं खाली न्यायचं राहून जातं. पाच महिने तिसऱ्या मजल्यावर म्हणजे फार झालं हो. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मुलं प्लास्टिकची हाताची खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून एका आजोबांना दर रविवारी खाली आणतात. तुमच्याकडे पण विचारा, लोक येतात, आपणच विचारत नाही.

---

पानगळ

मुचकुंदी, तुमचं वाचून वाईट वाटलं. बरोबर आहे, आधी बघून ठेवायला हवं.

बरं वाटतं का याचं कोणी संशोधन विचारत असेल तर एक जुनं प्रसिद्ध उदाहरण आहे, १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेलं. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि त्यांच्यासारख्याच दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवायची कडक औषधं कमी लागली. पण हे लक्षात घ्या की ती खरी खिडकी होती, व्हिडिओ नव्हता, आणि पेशंट मोजकेच होते, तेव्हा यावरून टीव्हीवर जंगल लावलं की हाड लवकर जुळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला त्यातून एवढंच कळतं की पडलेल्या माणसाला समोर काय दिसतं याला किंमत आहे. रेवाताई, तुमच्या आईंच्या समोर कपडे वाळतायत. पलंगाची दिशा बदलता येते का बघा, आकाश तरी दिसेल.

---

निळी_छत्री

वार विसरतात असं लिहिलंय त्यावरून सुचलं. अलास्कात कॅटमाई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे ब्रुक्स धबधब्यावर अस्वलं सामन मासे पकडतात त्याचं लाइव्ह असतं, आत्ता जुलैमध्ये भरपूर असतात. आपल्याकडे सकाळी सात म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळी साडेपाच, लख्ख उजेड. आमची आजी चहा घेताना रोज बघते. रेकॉर्ड केलेलं नाही, आत्ता घडतंय, हे तिला फार आवडतं. काल तो मोठा होता तो आज का नाही आला, याची चौकशी दिवसभर. काल आणि आज वेगळे झाले की वार पण लक्षात राहतो.

---

ध्रुवरात्र

ट्रोम्सोहून लिहितोय, नॉर्वेच्या उत्तरेला. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, डोंगरांमुळे गावात दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवसाला सोलडागेन म्हणतात, सूर्याचा दिवस, बेकरीसमोर रांगा लागतात, जॅम भरलेले गोल गोड तळलेले पाव खातात. मी मूळचा पुण्याचा, पहिल्या हिवाळ्यात माझी पार वाट लागली होती. डॉक्टरांनी सकाळी बसायला प्रखर उजेडाचा दिवा सांगितला, तो घेतला, आणि त्या दिव्यासमोर बसून मी रोज अर्धा तास सिंहगड चढायचो. कोणीतरी पायथ्यापासून न बोलता काढलेला व्हिडिओ, नुसता बुटांचा आवाज, कुत्रं भुंकलेलं, वाटेत ताकवाली. दिव्याचं काम दिव्याने केलं हे मला माहीत आहे, पण त्या अर्ध्या तासासाठी मी अंथरुणातून उठायचो. न बोलता काढलेला हे महत्त्वाचं. मागे म्युझिक आणि ‘तर मित्रांनो’ आलं की आपण तिथे नसतो, त्या माणसाच्या गप्पा ऐकत असतो.

रेवाताई, तुमच्यासाठी एक गोष्ट सांगतो. २००९ मध्ये इथल्या सरकारी वाहिनीने, एनआरकेने, बर्गन ते ओस्लो रेल्वेचा अख्खा प्रवास दाखवला, सव्वासात तास, काही न कापता. त्या रेल्वेला शंभर वर्षं झाली होती म्हणून. पन्नास लाखांच्या आतबाहेर लोकवस्तीच्या देशात बारा लाखांच्या आसपास लोकांनी तो थोडा तरी पाहिला. २०११ मध्ये मग किनाऱ्याने जाणारी बोट, १३४ तास सलग. लोक तिरावर येऊन झेंडे हलवायचे. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्या रेल्वेमार्गावर १८२ बोगदे आहेत, आणि बोगदा आला की पडद्यावर काळोख, तर त्या वेळात त्यांनी जुन्या फिल्म आणि लोकांच्या आठवणी दाखवल्या. बोगदा संपला की परत खिडकी.

आता आपल्या कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. तुमच्या आई राजापूरच्या. खिडकीशेजारी कॅमेरा ठेवून काढलेले लांबच लांब व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, पावसातले पण आहेत. लावा, आणि बोगदा आला की त्यांना म्हणा, आता तुम्ही सांगा. करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे, एक गोष्ट आरामात पुरी होते.

---

फलटणची_आत्या

हे बोगद्याचं फार छान आहे. आणि रेवा, एक स्टेशन म्हणजे एक फेरी असं कर.

---

रेवा_नाशिक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवसांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मुचकुंदी, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी आधी रात्री एकटीने बसून बघितलं. त्यांच्या माहेरच्या घरापर्यंत फोटो नाहीतच, वाडीच्या रस्त्याला निळी रेघ नाही. मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं बरंच झालं. धूतपापेश्वराचे लोकांनी टाकलेले फोटो मिळाले, ते बाजूला काढून ठेवलेत. पलंग फिरवला. आता पायथ्याशी आकाशाचा एक तुकडा दिसतो.

मग रेल्वे. चिपळूणपासून सुरू केलं, टीव्हीवर, दुपारी चारला चहानंतर, रोज तीच वेळ. पहिल्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. मी पण गप्प. पाऊस, भातखाचरं, एक माणूस इरलं घेऊन बांधावर उभा. सावर्डे गेलं. आरवली यायच्या आधी एकदम म्हणाल्या, ‘आरवलीला गरम पाण्याचं कुंड आहे, तुझे सासरे पाय शेकायला उतरू या म्हणायचे, कधी उतरलोच नाही.’ बास, त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी संगमेश्वर, मग उक्षी, आणि करबुडे. काळोख झाला. मी म्हटलं आई, आता तुम्ही सांगा. म्हणाल्या काय सांगू. म्हटलं काहीही. गाडीचा खडखडाट नुसता, पडद्यावर आमच्या दोघींचीच पडछाया. मग त्यांनी सांगितलं की रेल्वे नव्हती तेव्हा लग्न होऊन पहिल्यांदा नाशिकला आल्या त्या एसटीने, अठरा वर्षांच्या होत्या, मांडीवर आईने दिलेली फणसपोळीची पुडकी, आणि घाटात त्यांना उलटी झाली तर शेजारच्या अनोळखी बाईने पदर ओला करून तोंड पुसलं. ‘तिचं नाव विचारायचं राहिलं गो.’ सत्तावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, मला ‘गो’ म्हणाल्या पहिल्यांदा. नाशिकची भाषा बोलतात एरवी. मी काही बोलू शकले नाही. तेवढ्यात उजेड आला, भोके स्टेशन.

फेऱ्यांचं फिजिओथेरपिस्टना विचारलं, त्या म्हणाल्या चार ठीक आहेत, वॉकर सोडायचा नाही आणि कोणीतरी सोबत पाहिजे. तर आता असं आहे की आई फेरी मारून हॉलमध्ये खुर्चीत टेकल्या की पुढचं स्टेशन. आधी मी लावून ठेवायचे आणि मग त्यांना उठवायचे, ते चाललं नाही, चिडल्या. आता त्याच उठतात. परवा पाच मारल्या, मी चार म्हणत होते, तर म्हणाल्या रत्नागिरी अशी समोर दिसत असताना कोण थांबतं.

सगळंच छान आहे असं नाही. एक दिवस पाणवलच्या पुलावर, ६४ मीटर उंच आहे तो, खाली बघून त्यांना परत तसंच गरगरलं, बंद करावं लागलं. आता पूल आला की त्या डोळे मिटतात आणि मी संपला म्हणून सांगते. आणि एक संध्याकाळ रडल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या काही नाही, पाऊस बघून आईची आठवण आली. मिस्टर माझ्याकडे बघायला लागले की हेच होणार होतं. पण रडून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे फोन मागितला आणि राजापूरला त्यांच्या धाकट्या बहिणीला लावला, मार्चनंतर पहिल्यांदा स्वतःहून. पाऊण तास. अर्जुनेचं पाणी बाजारात आलं होतं म्हणे यंदा.

खाली नेण्याचं पण ठरलंय. दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं येत्या रविवारी खुर्ची धरणार आहेत. आईंनी अट घातली आहे, चारच्या आत वर आणायचं, गाडी चुकता कामा नये. काल निवसरला थांबलोय, आज आडवली, विलवडे. राजापूर रोड रविवारच्या आधी आणायचं नाही असं मला बजावलंय, त्या दिवशी बहीण फोनवर असणार आहे, तिच्यासोबत उतरायचंय त्यांना.